अकरा लाखांचा एकर

२०२३ साल होतं आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही निम्मी बुडवलेली. पण वावराची किंमत कशी काढायची हे मला कोणी शिकवू नये, असं मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो. ज्याला पटत नसेल त्यानं पुढं वाचू नये.

माझं माप साधं आहे. एका एकरातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी सगळं जाऊन वर्षाकाठी हाती काय उरतं ते बघायचं. चांगलं साल आणि वाईट साल मिळून मधलं धरायचं. त्याला बारानं गुणायचं. बारा पिकं. त्याच्या वर कोणी मागितलं तर दुपट्टा खांद्यावर टाकून उठायचं, मग तो मागून हाका मारो की पाया पडो. दिग्रसच्या कापूस बाजारात एक म्हातारा अडत्या होता, त्यानं मला तरुणपणी हे सांगितलं. या मापानं मी तीन वेळा जमीन घेतली आणि तिन्ही वेळा बरोबर घेतली. गावात कोणाला वावर घ्यायचं असलं की तो आधी माझ्या ओट्यावर येऊन बसतो आणि विचारतो, काका, किती पिकं भरतात? शिकलेलेही येतात. मास्तरही येऊन गेला.

चौथ्यांदा घेतली त्या जमिनीबद्दल मात्र मी कोणाला कधी पिकं सांगितली नाहीत.

माझी मुलगी दिग्रसला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. आमच्या गावाहून बसनं अर्धा तास. जावई वारले तेव्हापासून ती एकटी कमावते, भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तिची मुलगी लग्न होऊन अकोल्याकडे गेली. आता हिची पन्नाशी झाली, गुडघे बोलायला लागले, वॉर्डातली उभ्याची ड्यूटी तिला आणखी पाच-सात वर्षांच्या वर झेपणार नाही. खाजगी दवाखान्यात पेन्शन नाही. जावयाच्या विम्याचे आणि तिनं पोटाला चिमटा काढून ठेवलेले मिळून बारा लाख रुपये बँकेत होते. तेवढेच. त्याच्या मागं काही नाही. त्या पैशांनी आमच्या गावच्या रस्त्यावर दोन प्लॉट घ्यायचे, पुढंमागं तिथं गाळे काढायचे आणि म्हातारपणी भाड्यावर जगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

प्लॉट कुठले, तर मी चौथ्यांदा घेतलेल्या विहिरीच्या वावरासमोर, रस्त्याच्या पलीकडे. ती जमीन आमच्या गावच्या जुन्या मालकांची. त्या घरातला नातू आता यवतमाळला राहतो. त्यानं तिथं अकृषक परवानगी काढली, मुरूम टाकून रस्ते आखले, चुन्याच्या रेघा ओढल्या, सिमेंटचे खुंट रोवले आणि एक दलाल बसवला. टिनाचं शेड, आत टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला नकाशा. दलाल दिग्रसचा, चाळिशीचा, आधी पाण्याच्या मोटारी विकायचा. तोंडात साखर. मला बघितलं की खुर्ची पुसायचा. मला तेही आवडायचं नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी मुलगी सकाळच्या बसनं आली, हातात वही घेऊन. मी अंगणात बाजेवर बसलो होतो. चहा व्हायच्या आधीच तिनं वही उघडली. तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला म्हणे शिकवलं होतं की प्लॉट घेताना एका मापानं बघू नये, तीन मापं लावावीत. आजूबाजूला खरेदी कितीनं झाली ते एक. वर्षाचं भाडं किमतीच्या मानानं किती येईल ते दुसरं. आणि तेच पैसे बँकेत ठेवले तर व्याज किती, ते तिसरं. तिन्ही मापं हो म्हणाली तर घ्यायचं.

मी म्हणालो, मले एकच माप पुरलं आतापर्यंत.

"तुमाले कपाशीसाठी पुरलं, बाबा. गाळ्यात कपाशी नाही पिकत."

मी चहा मागितला. पोरगी माझ्याच वळणाची आहे, हे मला तिच्या बोलण्यावरून नेहमी कळतं आणि नेहमी राग येतो.

मग आम्ही दोघं शेडात गेलो. दलालानं खुर्ची पुसली. मुलीनं वहीतून पाच खरेद्या वाचून दाखवल्या. आमच्या शिवारातल्याच, मागच्या काही वर्षांतल्या. नोंदणीचे कागद आता मोबाइलवरही निघतात, ते मला तिथंच कळलं. चार कागदांवर भाव होता एकरी चार-साडेचार लाख. पाचव्यावर अकरा.

पाचवा कागद माझा होता.

दलाल हसला. तो म्हणाला, ताई, त्या चार कागदांवर जाऊ नका, ते सगळे सरकारी भावाचे कागद आहेत. लोक मुद्रांक वाचवायला कागदावर कमी दाखवतात आणि वरचे हातोहात देतात. खरा भाव कोणी लिहीत नाही. मग त्यानं टेबलाच्या खणातून एक झेरॉक्स काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर ठेवली, जसा देवाचा फोटो ठेवावा तशी. माझं खरेदीखत. माझी सही, माझा अंगठा, माझा फोटो.

"या शिवारात खरं बोलनारा कागद हा एकच," तो म्हणाला. "काकाजीनं पैसा न् पैसा लिवला. म्हून आमी भाव याच्यावरून धरला."

त्याचा हिशोबही त्यानं सांगितला. त्या धंद्यात म्हणे एक ठोकताळा आहे, उघड्या वावराचा फुटामागं जो भाव पडतो त्याच्या आठपट तयार प्लॉटचा. एकरी अकरा लाख म्हणजे फुटाला पंचवीस रुपये. आठपट दोनशे. दोन प्लॉट मिळून सहा हजार फूट, म्हणजे बारा लाख. मुलीकडं होते तेवढे, बरोब्बर.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. दलाल म्हणाला, काकाजी जमिनीतले डॉक्टर आहेत, बारा पिकांचं माप सगळ्या तालुक्याला माहीत आहे. आणि मी काय केलं, तर मान हलवली. हो म्हणून. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि कोणी डॉक्टर म्हटलं म्हणून मान हलवतो.

घरी येताना मी तिच्या पुढं पुढं चाललो. तिला वाटलं उन्हानं. घरी आल्यावर तिनं भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी केली आणि जेवता जेवता पुन्हा वही काढली. मला तिच्या त्या वहीचा इतका राग आला होता की सांगता येत नाही. ती म्हणाली, भाड्याचं माप नाही म्हणतं. इथं गाळ्याला दिग्रससारखं भाडं येणार नाही. बँकेचं मापही नाही म्हणतं, व्याज भाड्यापेक्षा जास्त सुटतं.

मी लगेच म्हणालो, मग नको घेऊ.

"दोन मापं नाही म्हंतात, एक हो म्हंते. पन ते एक तुमचं हाय."

मी घास चघळत राहिलो. ती सांगत होती की डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. पाच-सहा खरेद्या मांडल्या की सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून द्यायची, कारण तिथं काहीतरी घरगुती भानगड असते. भावाभावातली वाटणी, नाहीतर कोणाची अडचण, नाहीतर कोणाचा हट्ट. तिनं खालची सोडली होती. वरची सोडली नव्हती.

मी विचारलं, काहून नाही सोडली?

"तुमची कशी सोडू? तुमी कधी चुकता का?"

ती मस्करी करत नव्हती. तेच वाईट. आणि मग तिनं वहीचं पान उलटून दाखवलं, तिथं तिनं माझंच माप उलटं लावलं होतं. अकरा लाखांना बारानं भागलं. म्हणजे विहिरीच्या वावरात एकरी नव्वद हजारांच्या वर सुटत असणार, असं तिनं काढलं होतं. तुम्ही बारा पिकांच्या वर कधी देत नाही, म्हणून तेवढं निघतच असणार. ती म्हणाली, बाबा, तुम्ही सांगत नाही, पण त्या वावरानं तुम्हाला चांगलं दिलं.

त्या वावरात चांगलं-वाईट साल मिळून एकरी पन्नास हजार सुटतात. बोंडअळीच्या साली निम्मेही नाही.

मी पुन्हा म्हणालो, नको घेऊ. ती म्हणाली, काहून? मी म्हणालो, मी सांगतो म्हणून. आता पन्नाशीच्या बाईला, जिनं नवऱ्यामागं एकटीनं पोरीचं लग्न केलं, तिला असं कोणी सांगतं का? पण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मला तिला सांगायचं नव्हतं.

"तुमी घेतलं तवा भाव बरोबर, मी घेऊन राह्यली त गलत," ती म्हणाली. "मी बाई हावो म्हून?"

मी ताट सारलं आणि उठलो. तिनं मागून सांगितलं की उद्या सोमवारी नवाच्या बसनं येऊन ती एक लाखाचा इसार देणार, तुम्ही या नाहीतर नका येऊ. इसार दिला की सौदा पक्का, मागं फिरलं तर लाख बुडाले. पाचच्या बसनं ती गेली. मी बसपर्यंत सोडायलाही गेलो नाही.

मी वावरात जाऊन बसलो होतो, विहिरीच्या कठड्यावर.

आता ती गोष्ट लिहावी लागेल.

माझा बाप याच मालकांच्या घरी सालदार होता. वर्षाच्या बोलीवर राबायचं, धान्य आणि थोडे पैसे. मी पाच-सहा वर्षांचा असताना मालकांनी या वावरात विहीर खणायला घेतली. तिघं जण होते, त्यात माझा बाप. उन्हाळाभर त्यानं आत उतरून दगड फोडला. एकाचा पाय मोडला, दुसरा सोडून गेला. पाणी लागलं तेव्हा बाप कंबरेपर्यंत त्यात उभा होता. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या विहिरीला बापानं हात लावायचा नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे कोणी ठरवलं नाही, ते तसंच असायचं. तहान लागली की तो खाली बसायचा आणि कोणीतरी वरून त्याच्या ओंजळीत ओतायचं. मी बघितलं आहे. पुढं आम्ही बौद्ध झालो, बापानं सालदारी सोडली, ते दिवस गेले. पण त्या वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून जाताना बाप नेहमी तोंड फिरवून चालायचा.

२०१९ साली मालकांच्या नातवानं विहिरीचं ते दोन एकर विकायला काढलं तेव्हा गावात चालू भाव होता एकरी सात लाख. तोही माझ्या मापाच्या वर, पण रस्त्याला लागून म्हणून चालला असता. मी विचारायला गेलो. नातवानं माझ्याकडे बघितलं आणि अकरा म्हणाला. विहिरीचं त्याला माहीत होतं. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असेल. मी उठलो नाही. दुपट्टा खांद्यावर टाकला नाही. मी हो म्हणालो. नाल्याकाठचं काळ्या मातीचं पाच एकर वावर विकलं, बापानं नव्हे, मी घाम गाळून घेतलेलं, आणि हे दोन एकर घेतलं.

नोंदणीला गेलो तेव्हा दस्त लिहिणाऱ्यानं विचारलं, काका, कागदावर किती टाकू, सरकारी भावच टाकू ना? मी म्हणालो, सगळे टाक. तो म्हणाला, मुद्रांक जास्त बसेल. मी म्हणालो, बसू दे. माझ्या बापाच्या विहिरीची किंमत कागदावर कमी लिहून मला द्यायची नव्हती. नातवालाही ते चाललं. का चाललं ते मला त्या शेडात कळलं. माझ्याच पैशांनी त्यानं समोर मुरूम टाकला आणि माझ्याच कागदावरून भाव लावला.

आणि गावात मी काय सांगितलं? टपरीवर कोणीतरी म्हणालं, म्हातारा विहिरीपायी येडा झाला. त्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं की हा रस्ता पुढं रुंद होणार, अकरा हाच खरा भाव, तुम्हाला जमिनीतलं काय कळतं. घरीही तेच सांगितलं. मुलीलाही. तिनं ते चार वर्षं खरं धरलं आणि आपले बारा लाख त्यावर तोलायला निघाली. दुसऱ्या कोणाची चूक काढायची तर दलाल आहे, तो नातू आहे, डॉक्टरीणबाई आहेत, मोबाइल आहे. मी त्या कठड्यावर बसून एकेकावर चिडून बघितलं. कोणावरही पुरेसं चिडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठलाच शेडात गेलो. दलाल आधीच बसला होता आणि त्याच्यासमोर नेर गावाकडचे दोघे जण होते, प्लॉट बघायला आलेले. टेबलावर माझं खरेदीखत. दलालाचं बोट माझ्या फोटोवर. तो त्यांना सांगत होता, हेच ते काकाजी, बघा, स्वतः आले.

मी उभ्यानंच म्हणालो, हे काढ इथून.

तो म्हणाला, काकाजी, नोंदणीचा कागद आहे, आम्ही काढला तरी कोणालाही मिळतो. हे त्याचं बरोबर होतं. मग मी त्याच्या खिशाचा पेन घेतला आणि झेरॉक्स उलटी केली. मला लिहायला वेळ लागतो. अक्षर माझं गुरांच्या खुरांसारखं. नेरकडचा एक जण वाकून बघत होता, मी त्याला बघू दिलं. मी लिहिलं:

या एकरी अकरा लाखांत वावराचे सात. बाकी चार माझ्या बापानं खणलेल्या विहिरीचे. ते चार दुसऱ्या कोणाच्या जमिनीच्या भावात धरू नयेत.

खाली सही केली.

"सरकारी कागदावर असं लिवतात का, काकाजी?" दलाल म्हणाला. तोंडातली साखर गेली होती.

"झेरॉक्स हाय. नाव माहं हाय त्याच्यावर."

नवाची बस आली. मुलगी उतरली, पर्स छातीशी धरून, जशा बायका बँकेतून पैसे काढल्यावर धरतात तशी. मला शेडात बघून तिला वाटलं, बाबा मान तुकवून आले. तिच्या चेहऱ्यावर तसं दिसलं आणि मला पुन्हा राग आला. मी तिच्या हातात कागद दिला, उलट्या बाजूनं. तिनं उभ्यानं वाचला. मग खुर्चीवर बसून वाचला. विहीर कोणी खणली हे तिला माहीत होतं. बाकीचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तिनं पर्समधून वही काढून पान उघडलं. मग तिनं हळूच विचारलं, "मंग खरी किती पिकं झाली, बाबा?"

दलाल ऐकत होता. नेरकडचे दोघं ऐकत होते. रस्त्यावरून गावातले दोन-तीन जण चालले होते, तेही थांबले. मी बसून घेतलं, दुपट्टा मांडीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

"बावीस."

मग दलालाकडं वळलो आणि म्हणालो, आता सातावरून धर, आणि पोरीला नव्यानं भाव सांग.